पॉट-लिमिट ओमाहात पोझिशन म्हणजे उरलेल्या स्ट्रीट्सचा हिशोब

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे चार-पाच वर्षं नो-लिमिट होल्डम (प्रत्येकी दोन पत्त्यांचा पोकर, कितीही रेझ करता येतं) खेळलेत, आता पॉट-लिमिट ओमाहाला म्हणजे पीएलओला (प्रत्येकी चार पत्ते, त्यातले बरोबर दोन आणि टेबलावरचे तीन घेऊन हात बनतो) बसायला लागलेत, गोव्याला दोन-तीन ट्रिपा झाल्यात आणि त्यांच्या लक्षात आलंय की सगळ्यात जास्त पैसे स्मॉल ब्लाइंडमधून (पत्ते बघायच्या आधी सक्तीची छोटी रक्कम घालणारी जागा) जातायत, तेही हातात दोन एक्के असताना. पोझिशन, म्हणजे कोण आधी बोलतो आणि कोण नंतर, होल्डममध्येही महत्त्वाची असते हे त्यांना माहितीये, मग इथे वेगळं काय असं विचारलंय, एक पूर्ण हात दिलाय आणि शेवटी स्ट्रॅडलबद्दल (पत्ते बघायच्या आधी स्वखुशीने घातलेली दुप्पट ब्लाइंड) विचारलंय.

मी पीएलओ बरीच वर्षं खेळतोय आणि इतरांचे हात तपासून द्यायचं कामही करतो, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे, कारण "बटनवर जास्त हात खेळा, ब्लाइंडमध्ये कमी खेळा" एवढं तर सगळेच सांगतात (बटन म्हणजे टेबलावरचे पत्ते उघडायला लागले की सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), पण का ते कळलं नाही तर टेबलावर त्याचा काही उपयोग होत नाही. एक्के दिसले की हात आपोआप चिप्सकडे जातो.

सुरुवात नियमापासून करू. पॉट म्हणजे मधे जमलेले पैसे, बेट म्हणजे लावलेली रक्कम, कॉल म्हणजे तेवढीच घालून टिकणं, रेझ म्हणजे ती वाढवणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे देणं, फोल्ड म्हणजे पत्ते सोडणं. पॉट-लिमिटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त पॉटएवढंच रेझ करता येतं, आणि "पॉटएवढं" म्हणजे समोरच्याची बेट आधी कॉल केली असं धरून मग जो पॉट होतो तेवढं. डोक्यात करायची सोपी पद्धत अशी की समोरच्याची शेवटची बेट गुणिले तीन, अधिक त्याव्यतिरिक्त मधे पडलेले बाकी पैसे (त्या फेरीत तुम्ही स्वतः आधीच घातलेले सोडून). म्हणजे १००/२०० ब्लाइंडचं (स्मॉल ब्लाइंड १००, बिग ब्लाइंड २००) टेबल असेल आणि तुम्ही पहिलेच रेझ करताय तर २०० गुणिले तीन ६००, अधिक स्मॉल ब्लाइंडचे १००, झाले ७००. तुम्ही कितीही चिप्स घेऊन बसलेले असा, ७०० च्या वर जाता येत नाही. तीन पत्ती खेळून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो, कारण तिथल्या ॲपमध्ये पॉट लिमिट म्हणजे पॉट अमुक रकमेला पोचला की शो, तसं इथे काही नाही, इथे पॉट कितीही वाढू शकतो, मर्यादा फक्त एका वेळच्या रेझवर आहे.

आता या एका नियमाने पोझिशनचं सगळं गणित बदलतं, ते असं. स्ट्रीट म्हणजे बेटिंगची एक फेरी, फ्लॉपला टेबलावर तीन पत्ते उघडतात, टर्नला चौथा, रिव्हरला पाचवा, आणि पोझिशनबाहेर म्हणजे समोरच्याच्या आधी बोलणारा. नो-लिमिटमध्ये तुम्ही पोझिशनबाहेर आहात, हात चांगला आहे, पुढच्या स्ट्रीटवर अडचण येणार हे दिसतंय, तर तुमच्याकडे एक दार असतं, सरळ ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत. पॉट १५०० असू दे आणि समोर १९,००० असू देत, ढकलून द्यायचे, संपला विषय, आता समोरच्याला तुमच्या आधी-नंतर बोलण्याचा काही फायदा नाही कारण बोलायचं काही राहिलंच नाही. पॉट-लिमिटमध्ये हे दार बंद आहे. तुम्ही १५०० च्या पॉटमध्ये १५०० लावणार, समोरचा बघणार, कॉल करणार, टर्न येणार, परत तुम्हालाच आधी बोलायचंय. होल्डममध्ये पोझिशनचा त्रास पैसे देऊन टाळता येतो, इथे तो प्रत्येक स्ट्रीटला सोसावाच लागतो.

आकडे बघा. १००/२०० चं टेबल, दोघांकडे २०,००० म्हणजे १०० बिग ब्लाइंड. बटन ७०० करतो, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, बिग ब्लाइंड कॉल. पॉट १,५००, मागे (म्हणजे अजून न घातलेले) प्रत्येकी १९,३००. फ्लॉपला पॉट-बेट आणि कॉल, पॉट ४,५००, मागे १७,८००. टर्नला पॉट-बेट आणि कॉल, पॉट १३,५००, मागे १३,३००. रिव्हरला राहिलेले सगळे. म्हणजे १०० ब्लाइंडचा स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, आत जायला बरोब्बर तीन पूर्ण बेटा लागतात, तीनही स्ट्रीट लागतात, आणि या तीनही वेळेला एक माणूस आधी बोलतोय आणि दुसरा ते ऐकून मग ठरवतोय. तेही रक्कम दर वेळी तिप्पट होत असताना. म्हणजे सगळ्यात मोठा निर्णय, रिव्हरचा, सगळ्यात मोठ्या रकमेचा, तो तुम्ही आंधळेपणाने घेताय आणि समोरचा माहिती घेऊन घेतोय.

आता यातली जी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली आणि कळल्यावर माझा खेळ बदलला ती सांगतो. तोच हात, पण यावेळी बिग ब्लाइंडने फ्लॉपच्या आधीच पॉट रेझ केलं, ७०० गुणिले तीन २,१०० अधिक स्मॉल ब्लाइंडचे १००, म्हणजे २,२००, बटनने कॉल केलं. पॉट किती? ४,५००. मागे किती? १७,८००. वरती बघा, मघाशी फ्लॉपची बेट झाल्यावर हेच आकडे होते. आणि बटनने त्याच्यावर परत पॉट रेझ केलं तर ६,७००, कॉल झालं तर पॉट १३,५००, मागे १३,३००, म्हणजे मघाचा टर्ननंतरचा आकडा. लक्षात येतंय का? फ्लॉपच्या आधीचं प्रत्येक पॉट रेझ म्हणजे पुढची एक स्ट्रीट खाऊन टाकणं आहे. तीन स्ट्रीट उरतात, किंवा दोन, किंवा एक. आणि पोझिशनचा फायदा म्हणजे उरलेल्या स्ट्रीट गुणिले मागे उरलेले पैसे, बाकी सगळं याच्यातूनच निघतं. त्यामुळे "एक्के आले, पोझिशनबाहेर आहे, काय करू" याचं उत्तर एक्क्यांमध्ये शोधायचं नाही, मी रेझ केल्यावर किती स्ट्रीट उरणार आहेत ते आधी मोजायचं. एकच किंवा जेमतेम एक उरत असेल तर पोझिशन जवळपास बिनकामाची होते, बिनधास्त रेझ करा. दोन-तीन उरत असतील आणि एक्क्यांच्या सोबतचे दोन पत्ते फालतू असतील तर तुम्ही स्वतःच्या हाताने मोठा पॉट बांधून त्यात पहिल्यांदा बोलायला बसताय.

आता तुमचा हात घेऊ. १००/२००, सगळ्यांकडे ४०,००० च्या आसपास, म्हणजे २०० ब्लाइंड. कटऑफने (बटनच्या लगेच आधीची जागा) ७०० केले, बटनने कॉल, तुम्ही स्मॉल ब्लाइंडमध्ये इस्पिक एक्का, चौकट एक्का, किल्वर राणी, बदाम तिर्री. चारही पत्ते वेगवेगळ्या रंगाचे. तुम्ही पॉट रेझ केलं, ३,०००. बिग ब्लाइंड गेला, बाकी दोघांनी कॉल केलं. पॉट ९,२००, मागे ३७,०००. फ्लॉप बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किल्वर छक्की. तुम्ही ९,२०० लावले, कटऑफ गेला, बटनने पॉट रेझ केलं, ३६,८००, म्हणजे जवळपास सगळेच, तुम्ही "एवढे घातलेत तर आता काय" म्हणून कॉल केलं आणि त्याने दश्शी-सत्ती दाखवली, म्हणजे तयार स्ट्रेट (सलग पाच पत्ते), सोबत बदामाचा फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे पाच व्हायला एक पत्ता कमी).

यात पत्ते वाईट लागले असं काही झालेलं नाही. बघा, दोघांनी कॉल केलंय, दोन स्ट्रीटचे पैसे मागे आहेत, तुम्ही दोघांच्याही आधी बोलताय, आणि तुमच्या रेझने तुम्ही सगळ्या टेबलाला सांगून टाकलंय की माझ्याकडे एक्के आहेत. पीएलओत स्मॉल ब्लाइंडमधून पॉट रेझ म्हणजे बहुतेकांसाठी एक्केच. म्हणजे तुम्ही उघड्या पत्त्यांनी खेळताय आणि ते बंद पत्त्यांनी, वर शेवटचा शब्द त्यांचा. होल्डममध्ये एक्के विरुद्ध राजे असतील तर ८२-१८ च्या आसपास असतं, इथे सुटे एक्के (सोबतचे दोन पत्ते फालतू) आणि समोर चांगला जोडून आलेला डबल-सुटेड (दोन-दोन पत्ते एकाच रंगाचे) हात असेल तर ६०-४० सुद्धा कधी कधी होत नाही. आणि एक्क्याचा सेट (तिसरा एक्का) फ्लॉपला लागायची शक्यता साधारण १२ टक्के, म्हणजे आठातून एकदा. बाकी सात वेळा तुमच्याकडे नुसती एक जोडी असते, आणि ओमाहात दोघांसमोर नुसती एक जोडी म्हणजे फार काही नाही.

मी तिथे काय केलं असतं तर फक्त ६०० घालून कॉल. हो, एक्क्यांनी कॉल. आठात एकदा सेट लागला तर कोणाला वाटणारही नाही की माझ्याकडे एक्के आहेत, आणि नव्वी-अठ्ठी-छक्कीवर मी ७०० घालवून शांतपणे बाहेर पडतो. तेच एक्के डबल-सुटेड असते, सोबत राजा-दश्शी वगैरे असती, तर रेझ केलं असतं कारण मग फ्लॉपला नटच्या (त्या वेळी शक्य असलेला सगळ्यात मोठा हात) दिशेने जाणारं काहीतरी बरेचदा मिळतं. आणि तेच सुटे एक्के पण सगळ्यांकडे ८,००० च असते तर डोळे झाकून पॉट, कारण मग फ्लॉपला पाच हजार मागे उरतात आणि अर्ध्या पॉटात खेळ संपतो. एक्के तेच, निर्णय तीन वेगळे.

आणि समजा रेझ करून बसलातच, तर त्या फ्लॉपवर चेक करा आणि कोणी लावले तर सोडा. तुमचे ३,००० गेले, गेले. तुम्ही बेट लावून स्वतःला अशा जागी आणलंत की कॉल करायला २७,६०० लागतायत आणि तुम्हाला ३३ टक्के हवेत (पॉट रेझसमोर हे नेहमीच साधारण ३३ असतं, लक्षात ठेवायला सोपं), आणि तयार स्ट्रेटसमोर तुमच्याकडे त्याच्या जवळपासही नाहीत. बटनवर असतात आणि हेच झालं असतं तर? ते दोघे तुमच्या आधी बोलले असते. दोघांनी चेक केलं असतं तर तुम्हीही चेक करून टर्न फुकट बघितला असता, एखाद्याने पॉट लावला असता तर तुम्ही एकही जास्तीचा रुपया न घालता सोडलं असतं. ९,२०० ची ती फ्लॉपची बेट फक्त जागेमुळे झालेली आहे.

ज्यांनी पोकर नाही पण घरी मेंढीकोट भरपूर खेळलाय त्यांच्यासाठी सांगतो, उतारी करणाऱ्याला दश्शी टाकायची भीती का वाटते आणि हातात चौथ्या नंबरला बसलेला दश्शी इतकी आरामात का सोडतो? कारण तीन पत्ते समोर पडलेले असतात, हात आपल्या भिडूचा झाला की नाही हे दिसत असतं. पोझिशन म्हणजे तेवढंच आहे, फक्त इथे प्रत्येक उतारीला डाव तिप्पट होतो.

आता ड्रॉचं, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या हाताचं बघू, कारण ओमाहात खरा पैसा ड्रॉमध्ये फिरतो. तुमच्याकडे गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की आहे आणि फ्लॉप नव्वी-अठ्ठी-दुर्री, सगळे वेगळ्या रंगाचे. याला रॅप म्हणतात, २० आउट्स म्हणजे स्ट्रेट पूर्ण करणारे पत्ते आहेत, चार राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या, तीन सत्त्या, तीन छक्क्या, चार पंज्या, आणि दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर स्ट्रेट लागायची शक्यता ७० टक्क्यांच्या जवळ जाते. ऐकायला फार भारी, आणि आहेच. पण नीट बघा, राणी, सत्ती, छक्की, पंजी आली तर तुमची स्ट्रेट नट आहे, म्हणजे १४ आउट्स नट. गुलाम आला तर समोर राणी-दश्शीवाला तुमच्या वर, दश्शी आली तर राणी-गुलामवाला तुमच्या वर. म्हणजे ६ आउट्स असे की स्ट्रेट लागूनही तुम्ही सगळा स्टॅक घालवू शकता. टर्नला गुलाम पडला. तुम्ही आधी बोलणार असाल तर काय करणार? लावलं तर तुमच्यापेक्षा कमी हात सोडून देतात आणि वरचा रेझ करतो. चेक केलं तर समोरचा पॉट लावतो आणि तुम्हाला कळत नाही की त्याच्याकडे खरंच राणी-दश्शी आहे की गुलाम पडला म्हणून तो फक्त गोष्ट सांगतोय. तेच बटनवर असाल तर समोरच्याने चेक केलं की निम्मी माहिती मिळाली, थोडं लावा किंवा मागे चेक करून रिव्हर बघा, आणि त्याने स्वतःहून पॉट लावला तर तीही माहितीच आहे. तोच रॅप, तोच गुलाम, बटनवर बारीकसा फायदा आणि ब्लाइंडमध्ये डोकेदुखी.

आणखी एक प्रकार आहे जो होल्डमवाल्यांना माहितीच नसतो, कारण तिथे तो फारसा येत नाही. फ्लॉप बदाम गुलाम, बदाम दश्शी, किल्वर नव्वी. तुमच्याकडे राजा-राणी म्हणजे नट स्ट्रेट, आणि बाकीचे दोन पत्ते नुसते दोन पंज्या, बदाम एकही नाही. आत्ता या क्षणी तुमच्या वर कोणीही नाही. तुम्ही पोझिशनबाहेर, मागे भरपूर पैसे, पॉट लावला, समोरून पॉट रेझ. आता? त्याच्याकडेही राजा-राणी असेल आणि सोबत बदामाचा ड्रॉ असेल तर तुम्ही जवळपास नेहमी जास्तीत जास्त अर्धा पॉट परत घेणार, आणि तो मात्र पूर्ण घेऊ शकतो, तुमच्याकडून फुकट लॉटरी खेळतोय तो. सेट असेल तर बोर्ड जोडायची, म्हणजे टेबलावर जोडी पडून फुल हाउस व्हायची, वाट बघतोय. नट हातात असूनही स्टॅक आत घालायला हात कचरतो अशी ही जागा आहे, आणि पोझिशनबाहेर माणूस इथे दोनपैकी एक चूक करतो, एक तर सगळे घालतो किंवा टर्नला बदाम आल्यावर ओढत ओढत कॉल करतो. बटनवर असताना मी इथे बरेचदा नुसता कॉल करतो. टर्नला बदाम आला किंवा बोर्ड जोडला आणि समोरच्याने परत पॉट लावला तर स्वस्तात बाहेर, आणि निरुपयोगी पत्ता पडला तर आता त्याचा ड्रॉ एका पत्त्यावर आलाय, आता रेझ. हे एका स्ट्रीटने पुढे ढकलणं फक्त मागे बसणाऱ्यालाच जमतं.

ब्लफचंही तसंच. बोर्डवर तीन इस्पिक आहेत आणि तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आहे पण दुसरा एकही इस्पिक नाही. याला नागडा एक्का म्हणा, टेबलावर तसंच म्हणतात. तुमच्याकडे फ्लश नाही, पण तुम्हाला खात्रीने माहितीये की नट फ्लश कोणाकडेच नाही. समोरच्याने चेक केलं, तुम्ही टर्नला पॉट, रिव्हरला परत पॉट, आणि राजावाला फ्लश घेऊन बसलेला माणूससुद्धा दहा वेळा विचार करतो. पॉटएवढा ब्लफ निम्म्या वेळेला चालला की हिशोब बरोबरीत येतो. पण पोझिशनबाहेरून हे करायला गेलं की समोरचा काय घेऊन बसलाय याचा एकही इशारा तुम्हाला मिळालेला नसतो आणि तो टर्नला नुसता कॉल करून तुम्हाला रिव्हरला परत आधी बोलायला लावतो. एक सूचना मात्र मनापासून देतो, छोट्या टेबलांवर लोक फ्लश सोडत नाहीत. राजावाला तर सोडा, नव्वीवाला पण सोडत नाहीत. तिथे हा ब्लफ ठेवून द्या, जो माणूस विचार करतो आणि सोडू शकतो त्याच्यासाठी.

चार-पाच जण पॉटमध्ये असतील, आणि गोव्यात लाइव्ह टेबलांवर असं रोज होतं, तेव्हा बटन एवढाच विचार पुरत नाही, रेझ करणारा तुमच्या कुठल्या बाजूला आहे हे बघा. फ्लॉपला सगळे रेझ करणाऱ्याकडे चेक करतात आणि तो लावतो. तो तुमच्या लगेच डावीकडे असेल तर त्याने लावल्यावर बाकी सगळे बोलून मग तुमच्याकडे येतं, म्हणजे तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये असूनही त्या क्षणी शेवटचे आहात. आणि तो तुमच्या उजवीकडे असेल तर तुम्हाला लगेच बोलावं लागतं आणि तुमच्या मागे तीन-चार लोक असतात ज्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. अशा सँडविच जागी दुसऱ्या नंबरचा फ्लश ड्रॉ, खालच्या बाजूचा रॅप, दोन जोड्या, हे सगळं मी सोडून देतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

कुठल्या जागेवरून काय खेळायचं याचा माझा ढोबळ अंदाज, सहा जणांच्या टेबलावर, पहिल्या जागेवरून सहातला एक हात, बटनवर आधीचे तिघं फोल्ड करून माझ्याकडे आलं तर जवळपास निम्मे. पहिल्या जागेवरून चांगले एक्के, राजा-राणी-गुलाम-दश्शीसारखे वरचे जोडलेले हात, एक्का-सुटेड आणि सोबत जोडून असलेले पत्ते. बटनवर याशिवाय सत्ती-छक्की-पंजी आणि त्याच्या आसपासचं जोडलेलं काहीही, कमी प्रतीच्या जोड्या पण डबल-सुटेड, मधे एखादी फट असलेले हात. पण एक कळकळीने सांगतो, बटन म्हणजे परवाना नाही. गुलाम-सत्ती-तिर्री-दुर्री वेगवेगळ्या रंगांचा बटनवरही कचराच आहे. पोझिशन तुम्हाला चांगला निर्णय घ्यायला मदत करते, दुसऱ्या नंबरचा फ्लश ती नट करून देत नाही. मी ज्यांचे हात तपासले त्यातले कितीतरी लोक पोझिशनचं महत्त्व कळल्यावर बटनवर ८० टक्के हात खेळायला लागले आणि परत तिथेच आले.

स्मॉल ब्लाइंड ही सगळ्या टेबलावरची सगळ्यात वाईट जागा आहे. "अर्धे तर घातलेच आहेत" हा विचार तिथला सगळ्यात महाग विचार. १०० वाचवायला म्हणून आणखी १०० घालायचे आणि मग तीनही स्ट्रीट सगळ्यांच्या आधी बोलायचं, कुठल्याही हाताला, कितीही जण असले तरी. तिथून मी लिंप (रेझ न करता नुसती बिग ब्लाइंडएवढी भर) फारच कमी करतो, आणि रेझसमोर नुसता कॉल करायचा तर हात असा हवा की लागला तर नटच लागेल. मी माझ्या वहीत प्रत्येक सेशनला जागेप्रमाणे जमा-खर्च लिहायचो, मोठे हात तरी, आणि तुम्हीही करा. लाइव्हमध्ये सगळं लिहिता येत नाही, पण ज्या हातात ३० ब्लाइंडच्या वर आले किंवा गेले ते फोनवर टाइप करून ठेवता येतं, फक्त कुठे बसलो होतो, किती जण होते, मागे किती होते. वीस-पंचवीस हात झाले की स्वतःच दिसायला लागतं.

बसायची खुर्ची निवडता येत असेल तर निवडा, सीट बदलून मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. जो माणूस सगळ्यात जास्त पैसे घेऊन बसलाय आणि सगळ्यात जास्त पॉट पॉट करतोय तो तुमच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे तो आधी बोलेल. जो शांत, घट्ट खेळतोय तो डावीकडे चालतो. लोक खिडकीजवळची, पंख्याखालची, डीलरशेजारची जागा बघतात, आणि ज्याच्यामुळे रात्रभराचे पैसे ठरणार आहेत तो माणूस कुठल्या बाजूला बसलाय हे बघत नाहीत. पीएलओत मागे पैसे जास्त असतात तेव्हा ही एक गोष्ट तुमच्या पत्त्यांपेक्षा जास्त काम करते.

सरावाबद्दल एक. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आल्यापासून इथे पैसे लावून ऑनलाइन पोकर बंद झालंय, त्यामुळे पूर्वीसारखं स्वस्तात हजारो हात खेळून शिकायची सोय राहिली नाही. गोव्याला जाऊन बसणारे बरेच जण थेट मोठ्या टेबलावर शिकतायत आणि ते महाग पडतं. घरी मित्रांबरोबर बिनपैशाच्या चिप्स घेऊन एक प्रयोग करा, एकच हात, समजा राजा-राणी-दश्शी-नव्वी, तसाच दोघांनीही घ्या, एकदा तुम्ही आधी बोला, एकदा तो, बोर्ड तोच ठेवा. दहा वेळा केलंत की पोझिशनबाहेर तुम्ही किती वेळा "चेक" म्हणून अडकता ते मोजता येईल. याने जे कळतं ते वाचून कळत नाही.

पाच पत्त्यांचा पीएलओ आता बऱ्याच टेबलांवर असतो, तिथे हे सगळं आणखी तीव्र होतं. चार पत्त्यांत दोन-दोनच्या सहा जोड्या होतात, पाच पत्त्यांत दहा. म्हणजे फ्लॉपला नट कोणाकडे तरी असणारच असं धरून चाला. सुटे एक्के तिथे आणखी कमजोर, आणि पोझिशनबाहेर दुसऱ्या नंबरचं काहीही जवळपास खेळण्यालायक नसतं. चार पत्त्यांत स्थिर झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका असं मला वाटतं.

आता स्ट्रॅडल. पहिल्या जागेवरून ४०० चा स्ट्रॅडल पडला की काय होतं ते वरच्या हिशोबानेच बघा. २०० ब्लाइंडचा ४०,००० चा स्टॅक एका क्षणात १०० स्ट्रॅडलचा होतो, पहिलं पॉट रेझ ७०० ऐवजी १,५०० होतं, स्ट्रॅडलवाल्याने कॉल केलं तर पॉट ३,३००, मागे ३८,५००. स्ट्रॅडल नसताना ४०,००० चा स्टॅक तीन पॉट-बेटांतही पूर्ण आत जात नव्हता, आता तो साधारण तीनात जातो. म्हणजे स्ट्रॅडलने खोली कमी केली, पोझिशनबाहेरच्या चांगल्या हाताला थोडा आधार मिळाला. पण स्ट्रॅडल टाकणारा स्वतः फ्लॉपच्या आधी शेवटी बोलतो आणि फ्लॉपनंतर फक्त ब्लाइंड्सच्या मागे, म्हणजे न बघितलेल्या चार पत्त्यांवर दुप्पट पैसे घालून वाईट जागा विकत घेतोय, त्यामुळे मी स्वतः पहिल्या जागेवरून स्ट्रॅडल टाकत नाही, कितीही आग्रह झाला तरी. बटन स्ट्रॅडल चालत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे पैसेही तुमचे जास्त आणि शेवटचा शब्दही तुमचाच, मी टाकतो. फक्त बसण्याआधी डीलरला विचारून घ्या की बटन स्ट्रॅडल असताना फ्लॉपच्या आधी पहिलं कोण बोलतं, कारण काही ठिकाणी ते स्मॉल ब्लाइंडपासून सुरू होतं, आणि तसं असेल तर स्मॉल ब्लाइंडमध्ये तुम्ही ४०० पैकी फक्त १०० घालून टेबलावरच्या प्रत्येकाच्या आधी बोलताय, फ्लॉपच्या आधीही आणि नंतरही. त्या जागेवर तुमच्यासारखे सुटे एक्के आले आणि मागे ४०,००० असतील तर ४०० ला नुसता कॉल करायचा, मागून कोणी १,८०० केले आणि मधल्या दोघांनी ते कॉल केले तर परत पॉट रेझ केल्यावर किती मागे उरतील ते आधी मोजायचं, पॉटच्या दीडपटीच्या आत येत असेल तर घालायचे, नाहीतर शांतपणे कॉल करून एक्का पडतो का बघायचं.